मदत हवी आहे: भाचीसाठी सायन्स फिक्शन किंवा फँटसी, शनिवारच्या आत (ठाणे)

मानपाड्याची_मावशी
भाचीचा वाढदिवस शनिवारी आहे. तिला पुस्तकच हवंय आणि तेही सायन्स फिक्शन नाहीतर फँटसी. ऑनलाइन मागवलेला संच रद्द झाल्याचा मेसेज काल आला, आता नवीन मागवून वेळेत पोचणार नाही. ठाण्यातच दुकानात जाऊन घ्यायचंय. नेटवरच्या सगळ्या याद्यांत तीच ती नावं आहेत आणि ती तिची वाचून झालीत. कृपया थेट नाव सांगा. उद्या ऑफिस सुटल्यावर नौपाड्यात जाणार आहे.

कोपरीकर
वय काय? मराठी की इंग्रजी? आणि 'तीच ती नावं' म्हणजे कोणती?

अवकाशवेडा
नारळीकरांचं 'वामन परत न आला'. 1986 चं आहे. खोदकामात एक फार जुनी पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव घडवला जातो आणि मग तो माणसांना डोईजड होतो. आज एआयवरून घराघरांत जी चर्चा चालू आहे ती या कादंबरीत तेव्हाच आहे. मराठीत विज्ञानकथा म्हणजे नारळीकर. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती, म्हणजे केवळ नावामुळे बक्षीस नको. आणि पहिलं बक्षीस मिळालंच. मे 2025 मध्ये ते गेले तेव्हा मी कपाटातली त्यांची सगळी पुस्तकं काढून पुन्हा वाचली.

पानापानांत
नारळीकरांना +1, पण सुरुवात 'यक्षांची देणगी'पासून करा. कथा आहेत, एका बैठकीत एक संपते. मुलं त्यातून आपोआप कादंबरीकडे वळतात.

निळीशाई
अहो, पण मुलगी कुठल्या माध्यमात आहे तेच माहीत नाही अजून. इंग्रजी माध्यमातली असेल तर मराठी कादंबरी तिसऱ्या पानावर बंद होईल. आमच्या घरी हेच झालं. वाढदिवसाच्या दिवशी आपली हौस मुलांवर लादू नये.

अवकाशवेडा
लादणं कसलं? हातात दिलंच नाही तर वाचणार कधी? ठाण्यात वाढलेल्या मुलीला मराठी पुस्तक जड जाईल हे आपणच आधी ठरवून टाकतो.

गडकरीकट्टा
माझा मुलगा दहावीत आहे. माझा अनुभव असा की आधी मोबाइल बाजूला ठेवायची वेळ ठरवा. रात्री नऊनंतर घरात कोणाच्याच हातात फोन नको, आईवडिलांच्याही नाही. मग कुठलंही पुस्तक चालतं.

मानपाड्याची_मावशी
मोबाइलचा प्रश्नच नाही हो, ती भरपूर वाचते. नववीत आहे, सेमी इंग्रजी, दोन्ही भाषांत वाचते. नाव सांगा ना.

वाशी_ठाणे_लोकल
ज्यूल व्हर्न! 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' 1870 चं आहे, पण कॅप्टन निमो अजून कोणाला ऐकत नाही. आणि तो आपला आहे हे तिला मुद्दाम सांगा. पुढे 'द मिस्टिरियस आयलंड'मध्ये उलगडतं की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, 1857 च्या उठावात लढलेला, ब्रिटिशांनी ज्याचं घरदार संपवलं असा. त्याचा सगळा राग तिथून आलेला आहे. शाळेत शिकलेला इतिहास पाणबुडीत भेटला की मुलं एकदम ताठ बसतात. मराठीत हवं असेल तर भा. रा. भागवतांनी व्हर्न आणलाय, जुनी प्रत मिळाली तर सोडू नका.

निळीशाई
व्हर्नमध्ये माशांच्या जातींची वर्णनं पानंच्या पानं चालतात. आजच्या मुलांना संक्षिप्त आवृत्ती द्यावी.

वाशी_ठाणे_लोकल
संक्षिप्त मुळीच देऊ नका. नववीतल्या मुलीला पानं गाळता येतात, तिची ती गाळेल. कुठली गाळायची ते प्रकाशकाने कशाला ठरवायचं?

कोपरीकर
मावशी, वाचून झालेली नावं अजून सांगितली नाहीत तुम्ही. आणि आवडलं काय, सोडलं काय, हेही सांगा. त्याशिवाय सगळे आपापलं लाडकं पुस्तक सांगत राहणार.

मानपाड्याची_मावशी
पॉटर, नार्निया, पर्सी जॅक्सन, हंगर गेम्स, हॉबिट झालं. नारळीकरांची ताईकडे बरीच आहेत, तीही वाचलीत. हल्ली ड्रॅगन आणि राजकन्यावाल्या जाड मालिका आणून देतो, त्या अर्ध्यात टाकते. काल फोनवर विचारलं तर म्हणाली, "मावशी, त्यात जादूने काहीही होतं, मग घाबरायचं कशाला?" याचं काय करायचं मला कळत नाही.

कोपरीकर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! तुमच्या भाचीने नेमकी गोष्ट पकडली आहे. ज्या जादूला किंमत नाही तिच्यात गोष्ट उरत नाही.

उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या. 1968 चं आहे, जेमतेम दोनशे पानांचं. समुद्रात विखुरलेल्या बेटांचं जग आहे. प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं. ते कळलं तर तुमची त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवापाड जपतात, फार विश्वासाच्या माणसालाच सांगतात. आणि जादू केली की जगाचा तोल हलतो. एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. त्यामुळे खरा जादूगार शक्यतो जादू करतच नाही. गेड नावाचा हुशार, घमेंडी पोरगा जादूच्या शाळेत इरेला पेटून नको ते करून बसतो आणि त्यातून एक सावली मोकळी सुटते. पुढचं सगळं पुस्तक त्या सावलीचं आहे. पुढचं सांगत नाही.

जादूची शाळा म्हटल्यावर तिला पॉटर आठवेल, पण हे त्याच्या जवळपास तीस वर्षं आधीचं आहे. शत्रू कोणी दुष्ट सम्राट नाही, मोठी युद्धं नाहीत. आणि गेड तांबूस तपकिरी कातडीचा आहे. 1968 सालच्या इंग्रजी फँटसीत ही साधी गोष्ट नव्हती, लेखिकेने ते विचारपूर्वक केलं होतं. आपल्या मुलांना गोरे राजपुत्र वाचायची इतकी सवय झालेली असते, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

निळीशाई
ले ग्विन उत्तम, पण संथ आहे, निवेदन लोककथेसारखं आहे. नववीच्या मुलीला वेग हवा. 'एंडर्स गेम' द्या. अवकाशातली लष्करी शाळा, लहान मुलांना युद्धासाठी तयार करतात, एकदा धरलं की खाली ठेववत नाही.

पानापानांत
'एंडर्स गेम'मधली मुलांमुलांतली मारामारी फार क्रूर आहे. वाचू नये असं म्हणत नाही, पण घरातल्या मोठ्या माणसाने आधी वाचावं आणि मग द्यावं. भेट म्हणून न वाचता देऊ नये.

निळीशाई
हंगर गेम्स वाचलेल्या मुलीला मारामारीचं काय सांगताय?

पानापानांत
तिथे निदान आपण काय वाचतोय ते पहिल्या प्रकरणापासून माहीत असतं. असो. मला सुचवायचंय ते मादलिन लेंगलचं 'अ रिंकल इन टाइम', 1962 चं. मेग गणितात हुशार आणि शाळेत कायम बोलणी खाणारी. वडील शास्त्रज्ञ, ते बेपत्ता होतात आणि ती त्यांना शोधायला निघते. तिचा चिडका स्वभाव ही वाईट खोड म्हणून दाखवलेली नाही, तोच तिच्या उपयोगी पडतो. कितीतरी प्रकाशकांनी नाकारलं होतं, नंतर न्यूबेरी हे अमेरिकेतलं बालसाहित्याचं पदक मिळालं.

कोपरीकर
हेही चालेल. त्यातही काही फुकट मिळत नाही.

गडकरीकट्टा
अवांतर: राम मारुती रोडला संध्याकाळी गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. रिक्षाने जा. आणि विकत घेण्याआधी मराठी ग्रंथसंग्रहालय बघा, 1893 पासूनची संस्था आहे. भाचीला सभासद केलंत तर त्याहून चांगली भेट नाही.

अवकाशवेडा
ग्रंथसंग्रहालयाला माझाही पाठिंबा. पण मराठीतलं एक तरी सोबत द्याच. नारळीकर झाले असतील तर लक्ष्मण लोंढे आणि सुबोध जावडेकर आहेत. जावडेकरांच्या कथांत यंत्रापेक्षा माणूस जास्त असतो. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हे पटेल.

मानपाड्याची_मावशी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मघाशी दुकानात फोन केला. अर्थसीची एक प्रत आहे, बाजूला काढून ठेवतो म्हणाले. जावडेकरांचा एक कथासंग्रहही आहे, दोन्ही घेते. सभासदत्वाचं ताईशी बोलते, कारण ने-आण तिलाच करावी लागेल. रिंकल त्यांच्याकडे नाही, ते नंतर.

कोपरीकर
छान. एकच करा, मागच्या पानावरचा मजकूर तिला आधी वाचू देऊ नका, त्यात बरंच फोडलेलं असतं. आणि गेड आवडला तर दुसरा भाग 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन' लगेच मागवून ठेवा. त्यात नायिका मुलगी आहे, तेनार, साधारण तिच्याच वयाची. लहानपणीच घरून उचलून तिला देवळाची पुजारीण केलेलं असतं आणि जमिनीखालच्या अंधाऱ्या भुयारांवर तिचं राज्य असतं. माझ्या मते तो पहिल्याहून सरस आहे, पण वाचायचा दुसराच.

वाशी_ठाणे_लोकल
आणि मग निमो!