बनेश, बन्या की फेणे?

निळीशाई: भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर, म्हणजे बनेश फेणेवर, तृतीयपुरुषी फॅनफिक (चाहत्याने रचलेली गोष्ट) लिहितेय, सगळं त्याच्याच नजरेतून. निवेदनात बनेश म्हणू, बन्या की फेणे? तिन्ही आलटून पालटून चालतील?

काठावरचा: आलटून पालटून नको, वाचकाला तीन माणसं वाटतात. एक नाव घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. 'बन्या' ही दोस्तांची हाक. ती निवेदनात आली की आपण त्याच्या दोस्ताच्या, सुभाषच्या बाजूला उभे राहून बघतोय असं वाटतं. मी 'बनेश' घेईन. बन्या, फाफे (फास्टर फेणेचं लघुरूप) संवादांत ठेवा, म्हणजे कोण बोलतंय ते हाकेवरूनच कळेल.

अनुस्वार: आणि 'तो किडकिडीत पोरगा सायकलवर चढला' असलं काही अजिबात नको! स्वतःकडे कुणी असं बघत नाही. नाव सारखं येतंय या भीतीने लोक असं लिहितात, पण मराठीत कर्ता गाळता येतो: 'बनेशने सायकल भिंतीला टेकवली. वाकून चेन पाहिली. उतरली नव्हती, तुटली होती.' एका नावावर तीन वाक्यं निघाली. मात्र सुभाषही तिथे असेल तर 'त्याने' कुणी, हा घोळ होतो. कर्ता बदलला की नाव लिहाच.

निळीशाई: शेवटच्या भागात तो चाळिशीचा आहे. तिथे 'म्हणाला' की 'म्हणाले'?

काठावरचा: 'म्हणाला'च. मनातल्या मनात कुणी स्वतःला अहोजाहो करत नाही. 'फेणेसाहेब म्हणाले' हवं असेल तर तो प्रसंग त्याच्या हाताखालच्या माणसाच्या नजरेतून लिहा, आणि तिथे नवं प्रकरण सुरू करा.