नागपूरहून रत्नागिरीला बदली: एका कपाटात मावतील असे मोजके कपडे कसे निवडू?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी बँकेत अधिकारी आहे, वय 29. नागपूरहून रत्नागिरीला बदली झालीय, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. राहायला एका घराचा वरचा मजला मिळालाय, दोघींत मिळून. माझ्या वाट्याला एक लोखंडी कपाट, तेही चिंचोळं. अंथरूण-पांघरूण, कागदपत्रं, कपडे, सगळं त्यातच.

मोजक्या कपड्यांत भागवण्याच्या याद्या नेटवर बऱ्याच वाचल्या. पांढरा शर्ट, बेज कोट, लोकरीचा स्वेटर, ब्लेझर. रत्नागिरीत यातलं काय अंगावर घालणार? मला दिवसभर ग्राहकांसमोर बसायचंय, मधूनच कर्जाच्या पाहणीसाठी आंब्याच्या बागेत नाहीतर मिरकरवाडा बंदरावर जावं लागेल. नीटनेटकं दिसायला हवं आणि चिखलपाण्यात निभायलाही हवं. साडी मनापासून आवडते, आठवड्यातून एक-दोनदा नेसतेच.

सध्या आहेत ते सलवार-कुर्ते, सगळे जोडीने शिवलेले. एकाचा कुर्ता दुसऱ्याच्या सलवारीवर जात नाही. किती जोड न्यावेत, कापड कुठलं, रंगांचं काय करायचं आणि लग्नकार्याची सोय कशी ठेवायची? पदरी बदलीची नोकरी आहे, तीन वर्षांनी पुन्हा हेच करायचंय, म्हणून एकदाच नीट बसवून घ्यावं म्हणते.

जांभा

रत्नागिरीत स्वागत. मी इथलाच, त्यामुळे फक्त पावसापुरतं बोलतो.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्या नागपूरच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. पांढरी, मोतिया सलवार आणूच नका. जांभ्याच्या लाल मातीचा शिंतोडा लोखंडाच्या गंजासारखा बसतो, एकदा वाळला की साबणाने निघत नाही. पायजमा, पँट जे काही असेल ते घोट्याच्या वर संपणारं शिवा. जीन्स ऑक्टोबरनंतर. चामड्याच्या चपलांना खोक्यातल्या खोक्यात बुरशी येते, चार महिने रबरी सँडल वापरा. बागेत जाताना छत्रीचा उपयोग नाही, वारा असतो. रेनकोट घ्या, पँटसकट.

गोदाकाठ

रानजाई, अगं-तुगं करते, चालेल ना? मी तुझ्याच खात्यातली, आता निवृत्त. नाशिक, अकोला, रत्नागिरी, सोलापूर अशा बदल्या झाल्या आणि सगळीकडे माझं कपाट तू म्हणतेस तेवढंच होतं. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कपड्यांचा आकडा वाळण्यावरून काढ. अंगावरून उतरलेला कपडा धुऊन, वाळून, इस्त्री होऊन पुन्हा घडीत यायला किती दिवस लागतात ते आधी धर. मे महिन्यात नागपूरला सकाळी दोरीवर टाकलेलं दुपारी कडकडीत होतं, तिथे तीन जोडांतही भागेल. रत्नागिरीत आषाढात पातळ सुती कुर्ताही पंख्याखाली दोन दिवस घेतो. जाड असला तर तिसऱ्या दिवशी कुबट वास यायला लागतो आणि पुन्हा धुवावा लागतो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी सोडली तर बँकेचा आठवडा सहा दिवसांचा. त्यातले चार दिवस कुर्ते, दोन दिवस साड्या असं धरलं, तर सहा कुर्ते, तीन पँटी आणि चार साड्या पुरतात. पँट दोनदा घालता येते, कुर्ता त्या हवेत नाही येत.

आता कापड. चांगल्या वाळलेल्या सुती धाग्यातही वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. रेयॉन सुतीपेक्षाही जास्त पाणी पितं आणि वर ओलं असताना कमजोर होतं, पिळलं की आकारच जातो. दुकानात छापील, मऊ, सुळसुळीत कुर्ते स्वस्तात लावलेले असतात ना, त्यांतले बरेच रेयॉनचे असतात. नागपुरात ते छान वाटतात, कोकणातल्या पावसात अगदी नकोत. कुर्ते पातळ कॉटनचे घे. पुढच्या दाराच्या उजेडात धरून बघ, बोटांची सावली पलीकडून दिसायला हवी. अस्तर लावू नकोस, त्याऐवजी आत स्लिप घाल. अस्तर लावलं की एका कपड्याचे दोन होतात आणि वाळायला दुप्पट वेळ लागतो. पँटींसाठी मात्र टेरिकॉट, म्हणजे सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड घे. शुद्ध सुतीचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे, पण कमरेच्या पट्टीशी ओली राहिलेली सुती पँट घालून आठ तास खुर्चीत बसणं हा त्रास आहे, आणि तो अंगावर खाजेच्या रूपाने दिसतो.

रंगांचं सोपं आहे. खालचे तीन रंग ठरव: काळा, गडद निळा, मरून. वरचे सहाही कुर्ते या तिन्हींवर गेलेच पाहिजेत. दुकानात नवीन कुर्ता आवडला की तिन्ही पँटी डोळ्यांसमोर आण. एकीवरही खटकला तर ठेवून दे, कितीही सुंदर असो. ओढण्या दोन बास.

आता साड्या, कारण लोक इथेच अडतात. साड्या घडी करून एका फळीवर मावतात. जागा आणि पैसे खातात ते ब्लाउज. प्रत्येक साडीला तिचा तिचा ब्लाउज शिवला की चार साड्यांना चार ब्लाउज, आणि पावसात ब्लाउजच सगळ्यात उशिरा वाळतो, कारण त्याला अस्तर, शिवणी, हुकपट्टी. मी उलट करायचे. आधी तीन ब्लाउज ठरवायचे, मग त्यांवर जातील त्याच साड्या घ्यायच्या. एक मरून, एक काळा, एक मोतिया.

मरूनवर काय जातं? पारंपरिक इरकल सगळ्या. इरकलीचं अंग हिरवं असो, निळं, जांभळं की काळं, टोपपदर लालच, त्यावर पांढरी नक्षी. काठातही बहुतेक वेळा तोच लाल. म्हणजे एका ब्लाउजवर दोन इरकली, आणि दोन्ही एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या दिसतात. इरकलीचा पदर अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, एकेक फासा घालून जोडलेला असतो, म्हणून धुताना त्या जोडावर पीळ देऊ नकोस, बाकीची साडी हवी तशी पिळ.

तिसरी महेश्वरी घे. रेशमी ताणा, सुती बाणा (आडवा धागा), त्यामुळे हलकी, खळ लागत नाही, आणि सुतीपेक्षा लवकर वाळते. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो. एक बाजू विटली किंवा डाग पडला की फॉल उसवायचा आणि दुसऱ्या बाजूने लावायचा. माझी एक करड्या रंगाची महेश्वरी अशी उलटवलेली आहे आणि अजून नेसते. हिच्यावर काळा आणि मोतिया दोन्ही जातात. चौथी तुझ्या आवडीची, एकच अट: तिन्हींपैकी किमान एक ब्लाउज तिला चालला पाहिजे. कोटा किंवा मलमल घेतलीस तर परकराचा रंग आतून दिसतो, तेवढं लक्षात ठेव. नाहीतर एक काळा, एक मोतिया असे दोन परकर पुरतात.

लग्नकार्यासाठी तू विदर्भातलीच आहेस, तर आईकडे करवत काठीची टसर असेल कदाचित. करवतीच्या दात्यांसारखा काठ आणि टसरचा मूळ मधासारखा रंग. कुठल्याही लग्नात ती उठून दिसते, आणि मरून ब्लाउजवर फार शोभते. पण ती पावसाळ्यात रत्नागिरीला नेऊ नकोस. दसऱ्यानंतर ने, जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ठेव, अधूनमधून घडी मोडून सावलीत वारा दे. जरीच्या साडीला डांबरगोळी थेट लागू देऊ नये, जर काळवंडते.

सुईदोरा

गोदाकाठ ताई, ब्लाउजचं तुम्ही अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. माझं सांगलीत शिवणकामाचं छोटं दुकान आहे. त्यात थोडी भर घालते.

रानजाई, तीनच ब्लाउज असतील तर ते आठवड्याला अंगावर येणार, म्हणून कापडात काटकसर करू नकोस. मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबिया माग, ब्लाउजचं बारीक विणीचं सुती कापड असतं ते. काळा आणि मरून रुबियात घे. रंग निवडताना ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस, कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर ये आणि उजेडात बघ. मरूनच्या पाच छटा असतात, त्यांतली एखादी विटकरीकडे झुकते आणि मग इरकलीच्या लालावर भांडते. साडीच बरोबर घेऊन गेलीस तर सगळ्यात उत्तम.

मरून खणाचा शिवायचा असेल तर फार देखणा होतो, पण खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो. टेलरला आधी विचारून मग कापड घे. लांब बाह्या हव्या असतील तर एका खणात बसत नाहीत.

शिवायला टाकण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. हे काम टेलरवर सोडू नकोस, घाईत राहून जातं, आणि मग पहिल्या धुण्यात अस्तर आटतं व वरचं कापड फुगतं. साडीच्या फॉलचंही तेच, भिजवल्याशिवाय लावला की काठ गोळा होतो. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांग, बाहीतही. तीन वर्षांत अंग वर-खाली होतंच. माया असेल तर तेच ब्लाउज पुढच्या गावी चालतील.

तुझे जुने जोडीचे सलवार-कुर्ते टाकू नकोस लगेच. त्यांतल्या गडद, पातळ कुर्त्यांना फक्त तीन पँटी नव्याने शिवल्या तरी निम्मं काम होईल.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच कुर्ते खिडकीशी धरून पाहिले. पाच कुर्ते बोटांच्या परीक्षेत पास झाले, त्यांतले चार तिन्ही रंगांवर जातात. म्हणजे नवे दोनच लागतील. आईकडे करवत काठी आहे! तिने ती माझ्यासाठीच ठेवलीय म्हणाली.

गोदाकाठ मावशी, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक म्हणजे नवरात्र. आमच्याकडे सगळ्याजणी रोजचा ठरलेला रंग नेसून येतात, फोटो काढतात. चार साड्यांत नऊ रंग कसे होणार? आणि दुसरं, जे कपडे न्यायचे नाहीत त्यांचं काय करू? मन होत नाही देऊन टाकायला.

गोदाकाठ

नवरात्रीसाठी साड्या विकत घेऊ नकोस. रत्नागिरीच्या शाखेत आम्ही भाद्रपदातच एकमेकींना विचारून ठेवायचो, कोणाकडे पिवळी आहे, कोणाकडे मोरपंखी. साड्यांची अदलाबदल सहज होते, कारण साडी कोणालाही येते. अडतो तो ब्लाउज, आणि तुझे तीन रंग जवळजवळ सगळ्यांवर जातात. शिवाय नव्या शाखेत ओळखी वाढवायला यासारखं दुसरं निमित्त नाही. परत देताना धुऊन, इस्त्री करून दे.

उरलेल्या कपड्यांचे आधी दोन ढीग कर. फाटलेलं, विरलेलं सुती ते गोधडीला. त्याला आईकडेच राहू दे, आणि गोधडी शिवून घेतलीस तर रत्नागिरीला तीच पांघरायला ने, तिथे जाड रजई लागत नाही. धड असलेलं पण तुझ्या तीन रंगांवर न जाणारं ते बहिणीला, मैत्रिणीला. घालणारी व्यक्ती ठरवून दे, नुसतं कुठेतरी टाकू नकोस, मग देववतं. रेयॉनचे कुर्ते नागपुरात आईकडे ठेव, दिवाळीला घरी गेलीस की घालायला होतील. त्यानंतर जे राहील ते बोहारणीला. तिच्याशी घासाघीस करायचा कंटाळा करू नकोस, एखादं झाकणाचं पातेलं मिळालं तर नव्या घरी उपयोगी पडेल.

जांभा

एक राहिलं. कपाट लोखंडी आहे म्हणालात. भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं अंतर सोडा. पावसात भिंत ओल धरते, कपाटाला मागून गंज चढतो आणि तो घडीवर उतरतो. सगळ्यात खालच्या फळीवर कपडे नकोत, तिथे भांडी किंवा कागदपत्रांची बंद पेटी ठेवा. आणि हजर व्हायच्या आधी एक दिवस आलात तर बरं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस अजून टेकलेला नसेल तर सगळं एकदा गच्चीवर उन्हात घालून मग आत लावता येईल.

सुईदोरा

आणि रानजाई, ब्लाउज आजच टाक शिवायला. मे महिन्यात लग्नसराई असते, टेलर पंधरा-वीस दिवस लावतातच. मापाला तुझा सगळ्यात नीट बसणारा जुना ब्लाउज दे, आणि माया सोडायचं चिठ्ठीवर लिहून घे.