पुणे–कोलकाता विमान : जाताना अडीच तास, येताना पावणेतीन. असं का?

खानापूरकर : विट्याहून कोलकात्याला जायचंय, पुण्यातून थेट विमानाने. अंतराच्या एका साइटवर १,५७५ किमी आणि १ तास ५४ मिनिटं दिसतं, दुसरीवर नुसतंच ८५०. तिकिटावर जाताना साधारण अडीच तास, येताना पावणेतीन. घड्याळ तर दोन्हीकडे एकच. खरं काय धरायचं? आणि विमान सकाळी ११ चं असेल तर विट्यातून कधी निघावं?

चंदनवंदन : ८५० म्हणजे सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किमीचा, गुणून बघा, १,५७५ च येतात.

हे अंतर कागदावरही निघतं. पुणे-कोलकाता अक्षांशात ४.१ अंशांचा फरक आहे, गुणिले १११ म्हणजे ४५५ किमी. रेखांशात १४.५ अंश, पण विषुववृत्तापासून वर जाल तसा रेखांशाचा अंश आखडतो. २० अक्षांशावर तो १०४ किमीचा धरा, म्हणजे १,५०८. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. पायथागोरस, दुसरं काही नाही.

साइटने या अंतराला ताशी ८३० किमीच्या वेगाने भागलंय, म्हणून १ तास ५४. जसं काही विमान लोहगावातूनच (पुण्याच्या विमानतळावरूनच) त्या वेगाने सुटतं! तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, रांग यांचे ३०-३५ मिनिटं त्यात येतात.

कृष्णाकाठ : येतानाचा जादा वेळ वाऱ्याचा. हिवाळ्यात विमान उडतं त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी ८० किमीचा धरला तर जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ९१०, येताना ७५०. १ तास ४४ विरुद्ध २ तास ६. पावसाळ्यात दक्षिणेकडे वरचा वारा उलटा, पूर्वेकडून येतो, तेव्हा हा फरक मिटतो, कधी उलटतोही. वेळापत्रकात मात्र थोडी ढील आधीच ठेवलेली असते, त्यामुळे ‘वेळेआधी पोचलो’ याचं फार कौतुक नको.

मिरजमार्गे : निघायचं पहाटे ४ ला. कराडमार्गे दोनशेच्या वर किलोमीटर, साडेचार तास धरा. खंबाटकीला पुण्याकडे जाताना बोगदा आहे, तिथे फार अडत नाही. खरा वेळ खातं पुणे शहर : तुम्ही कात्रजच्या बाजूने शिरणार आणि लोहगाव पार दुसऱ्या टोकाला. बॅग द्यायचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे १० ला. विमान दिसत असलं तरी मग बॅग घेत नाहीत.

खानापूरकर : कोल्हापूरहून विमान बदलून गेलं तर?

मिरजमार्गे : उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, जवळ पडेल. पण दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) काढा. वेगळी तिकिटं असली तर मधे बॅग घेऊन पुन्हा जमा करावी लागते, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे गेलेच.