दुपारीच बंद पडणारा संगणक: दोष रॅमचा की मदरबोर्डचा?

छापखाना_भुसावळ:
भुसावळला माझे डीटीपीचे छोटेसे दुकान आहे. २०२१ साली सुटे भाग आणून मी स्वतःच संगणक जोडला. त्यात डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या, ८ जीबीच्या दोन रॅम आहेत. इतकी वर्षे एकही तक्रार नव्हती. या एप्रिलपासून मात्र दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान निळी स्क्रीन येऊन संगणक बंद पडतो. तिच्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ तर कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असा मजकूर असतो. त्याहून विचित्र म्हणजे, ग्राहकाने पाठवलेली झिप फाईल उघडताना सीआरसी एरर (फाईलमधला मजकूर बदलला असल्याची सूचना) येते आणि पाच मिनिटांनी तीच फाईल सुरळीत उघडते. विंडोज नव्याने टाकून पाहिली, काही फरक पडला नाही. रात्री दुकान बंद केल्यावर विंडोजमधली मेमरी तपासणी चालवली, तिला दोष सापडला नाही. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदलायला सांगत आहेत. ऐन लग्नसराईत एवढा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

केळीबाग:
मदरबोर्डचा खर्च तूर्त थांबवावा. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे, तो म्हणजे झिप फाईल. डिस्कवरची फाईलच खराब असती, तर ती प्रत्येक वेळी त्याच जागी अडली असती. एकदा अडते आणि एकदा उघडते, याचा अर्थ वाचल्यानंतर मजकूर वाटेत कुठेतरी बदलतो आहे, आणि तिथे पहिला संशय रॅमवरच जातो.

रात्रीच्या तपासणीवर विसंबू नये. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपाने टिकतो. हा भार सतत गळत असल्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणूनच चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेल्यास हे अंतर निम्मे, म्हणजे ३२ मिलिसेकंद करावे, असे मानकातच सांगितले आहे. एखादा कमकुवत कोष रात्री तग धरतो आणि आपल्याकडच्या ४४ अंशांच्या दुपारी, बंद कॅबिनेटमध्ये, भार भरण्याची पाळी येण्याआधीच रिकामा होतो. तेव्हा तपासणी दुपारीच आणि कॅबिनेटचे झाकण लावूनच करावी.

त्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवण्याची तयार सेटिंग, बंद करावे. पाकिटावरचा ३२०० हा वेग बहुधा एक्सएमपीचा असतो आणि त्यासाठी रॅमला नेहमीच्या १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट दिले जातात. एक्सएमपी बंद केल्यावर, सकाळच्या थंड वेळी, ग्राहकांच्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सदोष रॅममधून घेतलेली प्रतही सदोष असू शकते, म्हणून हा क्रम सोडू नये.

मग मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा. काही मशीनवर त्यासाठी बायोसमधले सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रोग्रॅमवरूनच संगणक सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरते बंद करावे लागते. आधी दोन्ही रॅम जागेवर ठेवून तपासणी करावी. चुका दिसल्या तर एकच रॅम ठेवावी, तीही प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, ज्याला बहुतेक बोर्डांवर ए२ म्हणतात. नंतर त्याच स्लॉटमध्ये दुसरी रॅम लावून पाहावी आणि मग स्लॉट बदलावा. चूक रॅमबरोबर फिरली तर दोष रॅमचा; एकाच स्लॉटमध्ये दोन्ही रॅम चुकू लागल्या तर बोर्डवर किंवा प्रोसेसरच्या सॉकेटवर संशय घ्यावा. एक्सएमपी बंद असताना काहीच आढळले नाही, तर ते पुन्हा सुरू करून हीच तपासणी करावी. एकही चूक दिसली तरी ती चूकच समजावी. ‘फक्त एकच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

पांझरा_काठ:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण हात घालण्याआधी एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज फार लवकर साठते.

दुसरे असे की, दुकानात कूलर असल्यास त्याचा झोत कॅबिनेटवर येत नाही ना, हे पाहावे. ती हवा गार असली तरी ओलसर असते, आणि धुळीवर ओल बसली की संपर्कपट्ट्या खराब होतात. माझ्या घरच्या संगणकाची अशीच तक्रार रॅम काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवल्यावर मिटली होती. पुसण्यासाठी अनेकजण खोडरबर वापरतात. मला ते पटत नाही, कारण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ, धागे न सुटणारे कापड पुरेसे आहे.

छापखाना_भुसावळ:
दोघांचेही आभार. कूलरचा झोत खरोखरच कॅबिनेटवर येत होता. तो वळवला आणि रॅम पुसूनही बसवल्या. सकाळी सातला एक संपूर्ण फेरी निर्दोष गेली. दुपारी पावणेतीनला पुन्हा चालवली, तेव्हा पंचविसाव्या मिनिटाला चुकांचा आकडा ३ झाला आणि पुढे वाढतच गेला. एक्सएमपी बंदच होते. वेगवेगळ्या दुपारी स्लॉट बदलून पाहिले. दोन्ही स्लॉटमध्ये तीच एक रॅम चुकते आणि दुसरी निर्दोष राहते. आता तेवढी एकच विकत आणावी का?

केळीबाग:
आधी बिल शोधावे. रॅमवर बहुधा दीर्घ मुदतीची वॉरंटी असते, मात्र दोन्ही एकाच पाकिटातून आल्या असतील तर अनेक कंपन्या दोन्ही परत मागतात. वॉरंटी नसेल तर सुटी ८ जीबीची रॅम आणण्यापेक्षा दोन रॅमचा जुळलेला संच घ्यावा. ब्रँड आणि वेग सारखे असले तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि एक्सएमपी सुरू केल्यावर अशी जोडी अनेकदा कुरकुरते. नवा संच बसवल्यावर मेमटेस्ट पुन्हा दुपारीच चालवावी. त्यानंतर विंडोजमध्ये एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा द्यावी आणि एप्रिलपासून जतन केलेल्या फाईली एकेक उघडून पाहाव्यात. रॅम बदलल्याने आधी बिघडलेला मजकूर दुरुस्त होत नाही.

तोपर्यंत निर्दोष ८ जीबीची रॅम ए२ मध्ये ठेवून काम चालू ठेवावे. मोठ्या फाईलींना वेळ लागेल, पण पत्रिकेवरचा मुहूर्त बदलणार नाही.