निदानानंतरचे अनुभव: सिनेस्थेशियाबद्दल
ऑटिझमच्या निदानानंतर आवाज-उजेड जास्त टोचू लागले म्हणजे ते मनाचे खेळ, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते मला अजिबात पटत नाही. संवेदनांची अतितीव्रता किंवा मंदपणा २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक निदानांच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत ऑटिझमच्या निकषांतच आहे. वर्षानुवर्षं दात-ओठ खाऊन सोसलेलं बऱ्याच जणांना निदानानंतर पहिल्यांदाच उघड बोलता येतं.

इथे सिनेस्थेशियाचा, म्हणजे एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्यात उमटण्याचा, विषय निघालाच नाही. २०१३ च्या केंब्रिजच्या अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांपैकी सुमारे १९ टक्के जणांना तो होता, इतरांमध्ये साधारण ७ टक्के. मला ड्रिलचा आवाज करड्या, खरखरीत पट्ट्यासारखा दिसतो. ड्रिल थांबलं तरी पट्टा क्षणभर रेंगाळतो. माझ्या तपासणीत हे कुणी विचारलंच नाही. तुम्हाला असं होत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.