लाँग कोविड आणि क्रॉनिक फटीग: आजार एकच का दोन?

निशिगंध_ठाणे
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. माझ्या धाकट्या बहिणीला एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, घरीच बरी झाली, ऑक्सिजन कधी ९५ च्या खाली गेला नाही. पण तेव्हापासून ती पूर्वीची राहिलीच नाही. स्टुलावर बसून चार पोळ्या लाटते आणि पाचवी मला लाटायला सांगून आडवी होते. आणि खरा त्रास त्या दिवशी नसतोच, तो येतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंग ठणकतं, डोकं चालत नाही, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत.

आमच्या मावशीला १९९४ मध्ये एका साध्या तापानंतर हुबेहूब हेच झालेलं. सगळे म्हणायचे कामाचा कंटाळा, नाटकं करते. ती गेली तरी कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कोविडनंतर ज्यांचं असं होतं त्यांना झालाय तो जुनाच आजार, एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात तो, फक्त या खेपेला मागचा व्हायरस कुठला ते माहितीये. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली अशीच साथ आली, २९२ कर्मचारी आजारी पडले, आणि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून, एकाही पेशंटला न भेटता, तो सामूहिक हिस्टेरिया ठरवला, का तर आजारी पडलेल्यांत बहुतेक बायका! नाव वेगळं ठेवलं की मागच्यांचं ऐकायचं राहून जातं, म्हणून मला हे दोन आजार म्हणणं पटत नाही.

डॉ_कृष्णाकाठ
ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण सरसकट एकच म्हणू नका. मी सातारा जिल्ह्यात २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय. लाँग कोविड ही एक मोठी पिशवी आहे. कुणाच्या फुप्फुसात व्रण राहिलेत, कुणाचा वास गेलाय, कुणी आयसीयूतून आल्यावर अशक्त आहे, कुणाला स्टेरॉइडनंतर शुगर निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याच एवढी सैल आहे, कोविडनंतर तीन महिन्यांनी लक्षणं, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसरं कारण सापडत नाही, बस. क्रॉनिक फटीगला मात्र सहा महिने लागतात, शिवाय श्रमानंतर तब्येत ढासळणं आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं हे पाहिजेच. अमेरिकेतल्या रिकव्हर अभ्यासात कोविड झालेल्यांपैकी ४.५ टक्केच त्या निकषांत बसले. म्हणजे बाकीच्यांना तो आजार नाही.

आणि माझ्याकडे 'लाँग कोविड आहे' म्हणून आलेल्या कितीतरी जणांचं बी-१२ तळाला गेलेलं असतं, हिमोग्लोबिन ८, थायरॉइड बिघडलेलं, एकाला तर टीबी निघाला. लेबल चिकटलं की माणूस तपासणी सोडून देतो हो.

सह्यकडा
डॉक्टरांशी सहमत. मला पण कोविडनंतर तीन महिने जिना चढवत नव्हता. रंकाळ्यावर रोज थोडं थोडं चालायला लागलो, आज १० मिनिटं, उद्या १२, आणि आता परत ट्रेकला जातो. झोपून राहिलं की स्नायू जातात आणि मग अजून थकवा येतो, चक्रच ते. थोडा जोर लावावाच लागतो.

निशिगंध_ठाणे
@सह्यकडा दादा, तुम्ही बरे झालात याचा खरंच आनंद आहे, पण तुमचा थकवा आणि हिचा थकवा वेगळा आहे. तुम्ही १० ची १२ मिनिटं केलीत आणि दुसऱ्या दिवशी उठलात. हिने तेच केलं, आम्हीच मागे लागलो होतो, दोन मजले चढली आणि पुढचे नऊ दिवस बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था उपचारांचे नियम ठरवते, तिने २००७ मध्ये क्रॉनिक फटीगला हाच वाढत्या व्यायामाचा सल्ला दिला होता आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो काढून टाकला.

@डॉक्टर, ४.५ टक्के तुम्ही सांगितलंत, पण त्याच अभ्यासात ज्यांना कोविड झालाच नव्हता त्यांच्यात ते प्रमाण ०.६ होतं ते पण सांगा ना. मी सगळ्या लाँग कोविडबद्दल बोलतच नाहीये, श्रमानंतर ढासळणाऱ्यांबद्दल बोलतेय. आणि हे कोविडचंच नाही, हाँगकाँगला २००३ च्या सार्समधून वाचलेले २३३ जण चार वर्षांनी तपासले तेव्हा २७ टक्के क्रॉनिक फटीगच्या निकषात बसले होते.

आडवाटेचा
मला स्वतःला आहे, २०२२ पासून, म्हणून थोडक्यातच लिहितो, टाइप करणं पण मोजावं लागतं. अॅम्स्टरडॅममध्ये लाँग कोविडच्या २५ जणांना सायकलवर दमवून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला, २०२४ मध्ये छापून आलंय. व्यायामानंतर स्नायूला इजा वाढलेली दिसली. त्यामुळे जोर लावा हे मला तरी सांगू नका. नाव काय द्यायचं ते द्या.

डॉ_कृष्णाकाठ
तो अभ्यास लाँग कोविडच्या पेशंटवर आहे, जुन्या क्रॉनिक फटीगवाल्यांवर नाही, त्यावरून दोन्ही एकच हे सिद्ध होत नाही. दोन्हीला अजून रक्ताची एक अशी टेस्ट नाही की लावली आणि निदान झालं. लक्षणं सारखी म्हणून कारण सारखं असं धरलं तर मी रोज चुकेन. चिकनगुनियानंतर वर्षभर सांधे धरलेले आणि संधिवाताने सांधे धरलेले पेशंट बाकावर शेजारी बसले तर सारखेच दिसतात.

पण एक मान्य करतो. 'काम केल्यावर दुसऱ्या दिवशी कसं असतं?' हा प्रश्न मी आधी विचारत नव्हतो, थकवा म्हटलं की चाला म्हणायचो. ताई, बहिणीची उभं राहिल्यावरची नाडी कुणी मोजली आहे का? पाचएक मिनिटं आडवं राहून मोजायची, मग उभं राहून दहा मिनिटांपर्यंत दर मिनिटाला. शेजारी कुणीतरी उभं राहा, चक्कर आली तर लगेच निजवा. मोठ्या माणसात ३० किंवा जास्त ठोके वाढत असतील तर त्यावर औषधं आहेत, मीठ-पाणी वाढवणं, पायाचे घट्ट मोजे असे उपाय आहेत, ते नाव कुठलंही असलं तरी करता येतं.

निशिगंध_ठाणे
आत्ताच मोजली. आडवी असताना ७६, उभी राहिल्यावर आठव्या मिनिटाला ११४, मग तिला उभं राहवेना म्हणून थांबलो. चार वर्षांत हे कुणीच बघितलं नव्हतं. आजार एकच आहे यावर मी अजून ठाम आहे डॉक्टर, पण हे आकडे लिहून शनिवारी तिला इथल्या फिजिशियनकडे नेते. बी-१२ आणि थायरॉइड मागच्या महिन्यात केलंय, नॉर्मल आहे, अजून काही करून न्यायचं असेल तर तेवढं सांगा.