बंदोबस्त दमवतो की ड्युटीचं वाटप?

लाईनमधली (पोलीस वसाहतीतली) : मिस्टर सोलापुरात पोलीस अंमलदार, सोळा वर्षं झाली. जानेवारीत गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा बंदोबस्त, आषाढीला पंढरपूर. त्याची तक्रार नाही. वारीहून पाय सुजवून येतात, पण कपाळाला बुक्का असतो आणि माणूस हसत असतो. मोडतात ते हजेरीला, ड्युट्या वाटतात तेव्हा. नाइट करून आलेल्यालाच परत फिक्स पॉइंट, म्हणजे एकाच जागी उभं राहायचं, आणि ठरलेले तिघं-चौघं वर्षानुवर्षं टेबलाला, ठाण्यात बसून. विचारलं की कसुरी रिपोर्टची, म्हणजे कामात कसूर केली असं वर लिहून पाठवायची धमकी. परवा पोरगी चित्र दाखवत होती, हे बूट न काढता अर्धा तास भिंतीकडे बघत बसले. तासांपेक्षा पक्षपातच जास्त थकवतो, असं माझं मत.

साखरपेठकर : नाही पटत. एप्रिलात ४२ डिग्रीला सात रस्ता चौकात बारा तास उभं करा, वाटप कितीही सरळ असू दे, माणूस पिसाळणारच. मुंबईत २०१६ ला देवनार ठाण्यापासून आठ तासांची ड्युटी सुरू केली ती उगीच का? आणि वशिला कुठं नसतो बे? आमच्या टॉवेल कारखान्यात पण मुकादमाची माणसं वेगळीच.

लाईनमधली : कारखान्यात युनियन काढता येते, दादा. पोलिसांना १९६६ च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय तेही नाही. बोलायचं कुणाकडं?

बाळीवेस : आमच्याकडं बोलता की! मोबाईल चोरीला गेला म्हणून गेलो, तीनदा "उद्या या". चौथ्यांदा अंगावर खेकसले. साहेबाचा राग माझ्यावर का?

लाईनमधली : चूकच आहे ते. घरात आम्हीही तेच खातो.

रिटायर हवालदार : मी हजेरी मास्तर होतो, ड्युट्या मीच लावल्यात. वरनं फोन यायचा, "आपला माणूस आहे, हलका पॉइंट द्या." द्यायचो, खोटं कशाला बोलू. पण ताई, टेबलावरचा प्रत्येकजण वशिल्याचा नसतो. एकाच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं, कुणाला सांगू नका म्हणाला. सगळी लाईन मला शिव्या घालायची. पुढं मी आठवड्याच्या ड्युट्या फळ्यावर खडूनं लिहायला लागलो. कुरबुर निम्म्यावर आली. फोन मात्र येतच राहिले.

लाईनमधली : फळा लावा म्हणून यांनी सुचवलं तर पहिली कसुरी यांनाच, काका.

साखरपेठकर : आणि फळ्यानं ऊन काय कमी होतंय?